उशिरा पोचलेलं हाव

डॉक्टर शिल्पाबाईंनी माऊसचं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. त्यांनी ते पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा जरा जोर लावून दाबलं, जणू जोर लावल्याने प्रोग्रामला लाज वाटणार होती, आणि मग खुर्चीत मागे रेलून त्या पडद्याकडे नुसत्या बघत राहिल्या. पडद्यावर कुणाच्या तरी छातीचं आडवं छेदचित्र होतं. उजव्या फुप्फुसात ज्वारीच्या दाण्याएवढा एक पांढुरका ठिपका होता आणि बाईंना त्याच्याभोवती खुणेचं पिवळं कडं काढायचं होतं, एवढंच. वीरेश त्यांच्या खुर्चीमागे उभा होता. प्रोग्राम त्यानेच लिहिलेला, त्यामुळे हात मागे बांधून उभं राहण्यापलीकडे त्याला काही करता येत नव्हतं. तेवढ्यात चित्र सरकलं, पुढचं चित्र आलं, आणि त्या पुढच्या चित्रावर, जिथे ठिपका नव्हता, गाठ नव्हती, काही म्हणजे काही नव्हतं, तिथे एकावर एक तीन पिवळी कडी येऊन पडली. बाई हसल्या. "याला ऐकू येतं हो वीरेश," त्या म्हणाल्या, "पण हा ऐकत नाही."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाला वायरचं, विजेचं, जुन्या कॉम्प्युटरचं काहीबाही सांगता येतं. हसलेल्या माणसाला काय सांगणार? सोमवारपर्यंत करून देतो, एवढं बोलून तो नांदेडच्या त्या डॉक्टरांच्या गल्लीत बाहेर आला. शनिवारची सकाळ होती आणि ऊन आत्ताच डोक्यावर चढलं होतं. हातात फायली घेतलेली, खेड्यापाड्यांतून आलेली माणसं भिंतींच्या सावल्यांना चिकटून बसली होती. त्याने गाडीला चावी लावली आणि तो तसाच थांबला. बाईंचं वाक्य त्याला नवं वाटत नव्हतं. ते त्याने आधी ऐकलं होतं, याच शब्दांत, आणि माऊसबद्दल नव्हे. लातूरला, स्वयंपाकघराच्या दारात, मंजुषा हातातला टॉवेल खांद्यावर टाकत ऋतुजाला म्हणाली होती, "तुझ्या पप्पांना ऐकू येतं गं, पण ते ऐकत नाहीत." आणि तो मोबाईलवरून मान वर न करता "हाव" म्हणाला होता, म्हणजे हो. मायलेकी पोट धरून हसल्या होत्या. कशाला हसताय हे त्याने विचारलं तेव्हा त्या आणखी हसल्या. त्या हसण्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवरून अप्पाही सामील झाले होते, हे त्याला आता, या उन्हात, गाडीच्या तापलेल्या सीटवर आठवलं.

अप्पा म्हणजे त्याचे वडील, गुरुपादप्पा. उदगीरला त्यांचं कापडाचं दुकान होतं. अव्वा, म्हणजे आई, गेली, दुकान त्याआधीच बंद झालेलं, आणि ते लातूरला औसा रोडवरच्या वीरेशच्या घरी राहायला आले. वीरेश आठवडाभर नांदेडला, शनिवारी लातूरला. मंजुषाची शाळेतली नोकरी लातूरची, ऋतुजाची अकरावी लातूरची, आणि लातुरात अकरावी म्हणजे घरात एक लहान सरकारी खातंच उघडल्यासारखं असतं, सगळ्यांनी दबक्या पावलांनी वावरायचं. खोल्या दोन. त्यातली एक अप्पांची आणि ऋतुजाची मिळून. असं बरं चाललं होतं, निदान चाललं होतं. आणि गेल्या महिन्यात एका सकाळी अप्पांनी पिशवी भरली, धोतरं, विभूतीची डबी, गोळ्यांची पाकिटं, आणि उदगीरच्या घराला वाळवी लागेल म्हणून ते एकटे निघून गेले. वाळवीवर कुणाचाच विश्वास बसला नाही. अप्पांचे गुडघे गेलेले, दिवाळीच्या सुमारास ते न्हाणीत घसरून पडले होते, आणि उदगीरच्या त्या बंद घरात हाक मारायला भिंतीपलीकडची म्हातारी गुरम्मा सोडली तर कुणी नव्हतं. फोन केला की ते म्हणत, "बरं हाय," आणि ठेवून देत. दुसरं अक्षर नाही. वीरेशला त्या दोन शब्दांचा इतका राग यायचा की कधी कधी तो रागापोटी फोनच करायचा नाही. आणि सगळा राग, जवळ जे माणूस असतं त्याच्यावर निघतो, तसा तो मंजुषावर निघाला होता. तूच काहीतरी बोलली असशील, असं तो तिला म्हणाला होता. त्या रात्री तिने त्याचं ताट वाढून झाकून ठेवलं आणि ती आत गेली.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं, खाली टायरचं दुकान, त्यामुळे दिवसभर रबराचा वास आणि हवा भरायच्या यंत्राचं धडधडणं. शनिवारी कुणी यायचं नाही. त्याने पंखा लावला, कॉम्प्युटर सुरू केला आणि ते पिवळं कडं पुन्हा पुन्हा चुकीच्या ठिकाणी पडताना बघत बसला. विष्णुपुरीच्या इंजिनियरिंग कॉलेजात त्याला शिकवलं होतं की प्रोग्राम म्हणजे एकामागून एक पाळलेल्या आज्ञा. त्या वेळी ते खरंही होतं. आताचा प्रोग्राम एकाच वेळी तीन-चार कामं करतो. त्या प्रत्येक कामाच्या धाग्याला थ्रेड म्हणतात. एक थ्रेड चित्रं आणून देणारा, एक ती पडद्यावर रंगवणारा, एक माऊसकडे कान लावून बसलेला. एका पेशंटची चित्रं शेकड्यांनी, भाकरींची चळत लावावी तशी, आणि डॉक्टर ती भराभर पुढे-मागे सरकवणार. सगळे थ्रेड आपापल्या जागी हुशार होते. भांडण त्यांच्या मधल्या जागेत होतं. पंधरवडाभर त्याने त्या जागेत डोकं आपटून घेतलं होतं. आधी त्याला वाटलं, रंगवणं मंद आहे, म्हणून त्याने ते वेगवान केलं, तर कडी चुकायला लागली ती आणखी वेगाने. मग त्याने एकाने काम करताना दुसऱ्याने थांबायचं अशी कुलपं घातली, तर दोन्ही थ्रेड निजामाच्या काळातल्या दोन अदबशीर माणसांसारखे दारातच अडकून राहिले, आप पहले, आप पहले, आणि अख्खा प्रोग्राम गोठला. त्याच्या नाकी नऊ आले होते. स्वप्नातही त्याला बाण दिसायचा, तो पांढरा, तिरका, कशालाच न टोचणारा माऊसचा बाण.

आणि त्या बाणाकडे बघताना त्याला एकदम संगप्पा आठवला. का आठवला हे त्याला कळेना. संगप्पा हा अप्पांच्या दुकानातला नोकर, उंचापुरा, कामाला वाघ, आणि डोक्याने थोडा घाईचा. लग्नसराईत दुकानात बायकांची ही गर्दी व्हायची. गादीवर अप्पा, कोपऱ्यात ब्लाऊजपिसांच्या गठ्ठ्यांशी अव्वा, आणि शिडीवर संगप्पा. नऊवारी हाय का, हिरवा खण हाय का, अस्तराचं कापड हाय का, असे चारी बाजूंनी आवाज यायचे, आणि संगप्पा शिडीवरून, पाठ गिऱ्हाइकाकडे ठेवून ओरडायचा, "हाय!" बस्स, एवढंच. ते हाय हवेत सोडलेलं असायचं, ज्याने झेललं त्याचं. नऊवारीचं उत्तर अस्तरवाली घ्यायची, खणवाली तासभर बसून राहायची, आणि शेवटी भांडण अप्पांपर्यंत यायचं. अप्पा कधी असं करत नसत. त्यांची रीत ठरलेली. कुणी विचारलं, हिरवा खण हाय का, की ते आधी विचारणारीकडे बघायचे आणि म्हणायचे, "हिरवा खण का? हाय." कुणी विचारलं, दोन वार पॉपलीन, की, "दोन वार पॉपलीन का? संपलं." वीरेश शाळेतून येऊन गादीच्या कडेला गृहपाठ करत बसायचा आणि त्याला या रीतीची भयंकर चीड यायची. एका शब्दाच्या जागी चार शब्द. तोच प्रश्न परत म्हणायचा, जणू समोरची बाई आपला प्रश्न विसरणार होती. आठवी-नववीत तर तो मित्रांसमोर अप्पांची नक्कल करायचा, आणि ती नक्कल इतकी हुबेहूब व्हायची की एकदा अव्वानेच ती ऐकली आणि हसू दाबत त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

तो खुर्चीतून उठला, खिडकीशी गेला, परत येऊन बसला. खाली कुणीतरी ट्रकच्या चाकावर घण मारत होतं. त्याला आता समोर स्पष्ट दिसत होतं आणि ते इतकं सोपं होतं की त्याला स्वतःच्या कानशिलात मारावीशी वाटली. बाई बटण दाबतात तेव्हा क्लिक वेळेवरच येतो. तो हरवत नाही. तो रांगेत उभा राहतो, कारण माऊसवाला थ्रेड दुसऱ्या कामात गुंतलेला असतो. रांग सरकली की त्याला आत घेतात आणि विचारतात, कुठे? तो बिचारा सांगतो, इतका आडवा, इतका उभा. पण कोणत्या चित्रावर, हे त्याला कुणी विचारत नाही, आणि त्यानेही ते बरोबर आणलेलं नसतं. मग समोर त्या घडीला जे चित्र असेल त्याच्यावर त्याला चिकटवून मोकळे होतात. वरातीमागून घोडं, आणि तेही दुसऱ्याच्या वरातीमागून. वेग वाढवून काही होणार नव्हतं, कुलपांनी तर नाहीच. क्लिक ज्या चित्रावर झाला त्या चित्राचं नाव त्याच्या गळ्यात तिथल्या तिथे बांधायला हवं होतं. मग तो कितीही उशिरा पोचू दे. हिरवा खण का? हाय.

खूश व्हायला हवं होतं. पंधरवड्याचा काटा निघाला होता. पण आनंद काही येईना. उलट सकाळी आठवलेलं अप्पांचं हसणं डोक्यातून जाईना. तेवढ्यात मंजुषाचा फोन आला. तो नेहमीच्या सवयीने फोन कानाला लावून डोळे पडद्यावर ठेवणार होता, पण तिच्या पहिल्याच शब्दाने त्याने पडद्याकडे पाठ केली. तिने उदगीरला गुरम्माला फोन केला होता. अप्पांना ती सरळ विचारू शकत नव्हती, आपल्याच स्वयंपाकाला कंटाळून ते गेले असं तिला वाटायचं आणि ते त्यांच्या तोंडून ऐकायचं धैर्य तिला नव्हतं. म्हणून शेजारणीकरवी. गुरम्माने भिंतीवरून अप्पांना विचारलं, मुलगा-सून असताना इथं का येऊन बसलात? आणि अप्पांनी जे उत्तर दिलं ते मंजुषाने शब्दाला शब्द सांगितलं. अप्पांना ती मामा म्हणायची.

"मामा म्हणाले, पोराला फोनवर इचारून आलो. हाव म्हणला," ती म्हणाली. "तुम्ही हाव म्हणालात? आणि वर मला बोलून राहिलात, की तूच काहीतरी केलं असशील?"

त्याने तोंड उघडलं. आपण असं कधी म्हणालो नाही, हे त्याला सांगायचं होतं. पण मग तो थांबला, कारण तो किती वेळा हाव म्हणतो हे त्यालाच माहीत नव्हतं. कोणत्या दिवशी, असं त्याने विचारलं. तिने आठवण करून दिली. अप्पा गेले त्याच्या आदल्या दिवशी दुपारी तिने फोन लावला होता, कणीक मळत असल्यामुळे स्पीकरवर, फोन टेबलावर अप्पांच्या पुढ्यात. शनिवारी धपाटे करू का, पीठ दळून आणते, असं तिने विचारलं होतं. तेवढ्यात दारात गॅसवाला आला म्हणून ती बाहेर गेली. परत आली तेव्हा फोन बंद झाला होता आणि अप्पा भिंतीकडे बघत बसले होते. त्या दिवशी ते जेवलेही नव्हते नीट. तिला वाटलं, भाजी तिखट झाली. "तुमचं धपाट्याचं उत्तर तर मला मिळालंच नाही," मंजुषा म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला. तिलाही तेच दिसलं असावं जे त्याला दिसत होतं.

फोन ठेवल्यावर तो ती दुपार परत आणायचा प्रयत्न करत बसला. माणसाची आठवणही मेली तसलीच, जे नको ते पक्कं ठेवते. त्याला त्या दुपारचा पडदा आठवत होता, कोणत्या ओळीशी तो अडला होता तेही आठवत होतं. रबराचा वास आठवत होता. कानाला लावलेला फोन गरम झाला होता हेही. मंजुषाचा आवाज, धपाटे, हा शब्द आत कुठेतरी जाऊन उभा राहिलेला. हो म्हणायचं आहे, म्हणतो, एवढी ओळ संपू दे. मग नुसती गुणगुण. त्या गुणगुणीचा पोत बदलला होता का? ती जाड झाली होती का, म्हाताऱ्या माणसाच्या आवाजासारखी? त्याने डोळे मिटून खूप ताणलं, पण त्या गुणगुणीतून एक शब्द सुटून निघेना. आणि मग त्याचं स्वतःचं हाव. ते मात्र आलं, ठणठणीत. धपाट्यांसाठी निघालेलं, वाटेत रांगेत थांबलेलं, आणि पोचेपर्यंत पुढ्यात दुसराच प्रश्न. उदगीरला जाऊ का? हाव. सत्तरी ओलांडलेल्या बापाने विचारावं आणि पोराने इतक्या सहज, श्वास घ्यावा तसं, जा म्हणावं. त्याने बाईंना कबूल केलेलं काम अर्धवट ठेवून कॉम्प्युटर बंद केला. असं त्याने नोकरीत कधी केलं नव्हतं.

लातूरची एसटी लोह्यापर्यंत खच्चून भरलेली होती. त्याला खिडकी मिळाली पण खिडकीची काच वर जाईना, आणि शेजारचे गृहस्थ धर्माबादच्या मिरचीच्या भावावर कुणाशी तरी फोनवर इतक्या तपशिलाने बोलत होते की त्याला ठसका लागायची वेळ आली. तो मनात वाक्य जुळवत होता. अप्पा, ते हाव धपाट्याचं होतं. हे वाक्य पहिल्यांदा त्याला बरं वाटलं, दुसऱ्यांदा हास्यास्पद, आणि अहमदपूर येईतो ते इतकं घोटून झालं होतं की त्याला काही अर्थच उरला नव्हता. मग मन दुसरीकडे वळलं, जिकडे ते वळू नये म्हणून तो महिनाभर पाठ फिरवून बसला होता. अप्पा गेले त्यानंतरच्या शनिवारी तो लातूरला आला, तेव्हा ऋतुजाने अप्पांच्या पलंगावर पुस्तकं मांडली होती. पहाटेचं खाकरणं नाही, पूजेसाठी न्हाणी अडवणं नाही, तिला दार लावून अभ्यासाला बसता येत होतं. घर एकदम ऐसपैस झालं होतं. आणि त्याला बरं वाटलं होतं. ही गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती, स्वतःलाही आत्ताच सांगत होता, या खडखडणाऱ्या गाडीत. मग ते हाव खरंच वाट चुकलं होतं का? की आत कुठे तरी त्याला ऐकू आलं होतं, आणि त्याने ऐकलं होतं, आणि जे म्हणायचं तेच म्हटलं होतं? प्रोग्राममध्ये निदान खोलून बघता येतं. माणसाला स्वतःच्या आत जायची परवानगीही अर्धीच असते. त्याने कपाळ समोरच्या सीटच्या लोखंडी दांड्याला टेकवलं. शेजारच्या गृहस्थांनी फोन बाजूला घेऊन, मळमळ होऊन राहिली का, असं आपुलकीने विचारलं. तो "हाव" म्हणाला, आणि लगेच म्हणाला, "न्हाई, मळमळ न्हाई." गृहस्थ जरा बावरले.

शिरूर ताजबंदला लातूरचा रस्ता सरळ जातो आणि उदगीरचा फुटतो. दर शनिवारी गाडी इथे थांबायची आणि तो मोबाईलमध्ये असायचा. आज तो उतरला. मंजुषाला कळवलं, रात्री येणार नाही, अप्पांकडे जातो. तिचं उत्तर आलं, हात जोडलेलं एक चित्र, आणि खाली, नीट ऐका. उदगीरच्या जीपमध्ये तो कडेला अर्ध्या बुडावर बसून गेला. चिडचिड कुणावर करावी हे त्याला कळेनासं झालं होतं. बाईंवर नाही, मंजुषावर नाही, अप्पांवर तर नाहीच, आणि स्वतःवर करून करून तो कंटाळला होता.

दार उघडंच होतं, दिवेलागणीची वेळ. अप्पा पूजेला बसले होते, दाराकडे अर्धी पाठ, कपाळाला विभूती, आणि डाव्या तळहातावर इष्टलिंग छातीसमोर धरलेलं. त्यांची नजर त्या तळहातावर लागलेली होती. या वेळी अप्पांशी कुणी बोलायचं नाही, हा या घराचा एकच कडक नियम. लहानपणी भूक लागली, गुडघा फुटला, काहीही झालं तरी अव्वा तोंडावर बोट ठेवायची. वीरेश चपला काढून उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसला. घरात वाळवी कुठे दिसत नव्हती. एक ताट, एक वाटी, एक तांब्या पालथे घातलेले. दोरीवर एकच धोतर. त्याचा उजवा हात मांडीवर अर्धवट वळून पडला होता, त्यात काही नसताना बोट मात्र दाबायच्या तयारीत. त्याने हात उलटा करून ठेवला. खिशात मोबाईल थरथरला, दुसऱ्यांदा थरथरला. त्याने तो न बघता बंद केला आणि अप्पांच्या त्या न हलणाऱ्या तळहाताकडे बघत राहिला. एवढा वेळ एका ठिकाणी बघणं किती अवघड असतं हे त्याला चांगलंच जाणवलं.

पूजा आटोपली. अप्पांनी लिंग चांदीच्या डबीत ठेवून डबी गळ्यात घातली, आणि तेव्हा त्यांनी त्याला पाहिलं. कधी आलास, त्यांनी विचारलं, आणि त्याने सांगितलं. मग जेवलास का, असं विचारलं, आणि त्याच्या तोंडून हाव निघून गेलं. सकाळपासून त्याच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. त्याने जीभ चावली आणि न्हाई म्हणाला. अप्पांच्या मिशीत थोडं हसू हललं, मग ते विझलं. त्याने ठरवलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. त्या दुपारचा फोन, मंजुषाचे धपाटे, गॅसवाला, त्याचं कामात असणं, उशिरा निघालेलं हाव. तुम्ही उदगीरला जाऊ का विचारलं ते मला ऐकूच आलं नाही, अप्पा, मी तुम्हाला जा म्हणालो नव्हतो. बोलता बोलता त्याला हलकं वाटायला लागलं. चूक सापडली होती, सांगून झाली होती, आता दुरुस्त होणार होती.

अप्पा शांतपणे ऐकत होते. त्यांनी गुडघ्यावर सांडलेली विभूती बोटाने झटकली.

"उदगीरचं मी कुठं इचारलं?" ते म्हणाले.

वीरेशने मान वर केली.

"मी इचारलं, वीरेश, मी तुम्हाला जड होऊन राहिलो का. तू काही बोलला न्हाईस. मला वाटलं, आवाज गेला नसंल, मंजुषा दारात हाय तंवर इचारून घ्यावं. म्हणून आणखी एकदा इचारलं. तर तू म्हणलास, हाव म्हणलं की."

अप्पांच्या आवाजात तक्रार नव्हती. दुकानात एखादं कापड संपलं असेल तर ते ज्या आवाजात सांगायचे, तोच आवाज. वीरेशला मात्र स्वतःचा आवाज ऐकू आला, दुपार आता पुरती परत आली होती, त्या एकाच वाक्यानिशी. हाव म्हणलं की. वैतागलेलं, दुसऱ्यांदा विचारणाऱ्याला गप्प करणारं. ते त्याने मंजुषाला म्हटलं होतं. ते धपाट्यांना म्हटलं होतं. आणि ते या माणसाच्या पुढ्यात, टेबलावर, मोठ्या आवाजात पडलं होतं. घोटलेली वाक्यं सगळी निकामी झाली.

"न्हाई," तो म्हणाला.

अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. "हे कशाचं?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता तो. त्यांची रीतच तशी होती.

आणि मग त्याला कळलं की लहानपणी ज्याची त्याने नक्कल केली ते किती जड काम होतं. उत्तर देणं सोपं. प्रश्न परत आपल्या तोंडाने म्हणायचा, विचारणाऱ्याकडे बघून, तो कुठे दुखतो ते माहीत असताना. "तुम्ही आम्हाला जड होऊन राहिलात का, असं तुम्ही इचारलं होतं," तो सावकाश म्हणाला, एकेक शब्द ठेवत. "त्याचं सांगतो. कधी कधी अडचण होती, अप्पा. तुमची-पोरीची खोली एकच हाय, तिचा अभ्यास हाय. तुम्ही गेल्यावर जागा झाली, मला बरं वाटलं, तेबी खरं हाय. पण जड न्हाई. तुम्ही आम्हाला जड न्हाई."

अप्पांनी भिंतीला हात लावून एक गुडघा सरळ केला, मग दुसरा, आणि ते उठले. वीरेशच्या जिभेवर तेच वाक्य पुन्हा आलं, दुसऱ्यांदा, जरा जोर लावून म्हणावं म्हणून, सकाळी बाईंचं बोट बटणावर परत परत गेलं होतं तसं. समोर काही हलत नाही म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार? त्याने ते गिळलं. निघालेलं उत्तर निघालं होतं. अप्पा आत गेले. काडी ओढल्याचा आवाज आला, मग परातीत पीठ पडल्याचा. पीठ दोघांना पुरेल एवढं होतं की एकालाच, हे आवाजावरून सांगता येत नव्हतं.

"तिथं काय करून राहिलास रे?" आतून अप्पांनी विचारलं.

"काय करून राहिलो का?" वीरेश म्हणाला. "तुम्ही काय म्हणता त्याची वाट बघून राहिलो."

आत थापटण्याचा आवाज सुरू झाला, मध्येच थांबला, पुन्हा सुरू झाला. वीरेशने आपलं वाक्य परत म्हटलं नाही.